‘शंभर टक्के बंद’ नस आणि नातेवाइकांची घाई

“एक नस शंभर टक्के बंद आहे म्हणे, आणि तरी डॉक्टर घरी सोडताहेत!” ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकतो. रात्री छातीत दुखले, तातडीने अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, माणूस वाचला. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी अँजिओग्राफीचा रिपोर्ट उघडून बसतो आणि त्याला त्यात दुसरीच एक रक्तवाहिनी पूर्ण बंद दिसते. फोनाफोनी सुरू होते. कुणी म्हणतो, हा टाइमबॉम्ब आहे. कुणी दागिने मोडायला काढतो, कुणी पेशंटला दुसऱ्या शहरात हलवायची गाडी ठरवतो. कालपर्यंत आयसीयूत असलेल्या माणसाला पुन्हा कॅथलॅबच्या टेबलावर झोपवण्याची घाई होते.

ही घाई प्रेमापोटी होते, हे मान्य. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे आणि ती पेशंटच्या जिवाशी खेळते, म्हणून जरा सविस्तर बोलायला हवे. समजूत अशी की, बंद नस ती बंद नस. आज पहाटे बंद झालेली असो की तीन वर्षांपूर्वी.

आज पहाटे बंद झालेली नस ही आणीबाणी असते. रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा चरबीचा थर फाटतो, त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते, आणि तिच्या पलीकडच्या स्नायूचे रक्त अचानक तुटते. अर्ध्या तासाच्या आत स्नायू मरायला लागतो आणि पुढचे काही तास तो मरत राहतो. इथे घड्याळ सर्वांत महत्त्वाचे. दुर्दैवाने नेमकी इथेच आपण घाई करत नाही. भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्यात दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोहोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटे होता. सहा तास! ते सहा तास ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत सोडा पिण्यात जातात.

जुनी बंद नस ही निराळी गोष्ट आहे. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे अरुंद होत जाते आणि शेवटी बुजते. बुजून किमान तीन महिने झाले असतील तर डॉक्टर तिला ‘क्रॉनिक टोटल ऑक्लुजन’ किंवा थोडक्यात सीटीओ म्हणतात. ती बुजत असताना हृदय स्वस्थ बसलेले नसते. शेजारच्या रक्तवाहिन्यांपासून निघालेल्या बारीक उपवाहिन्या रुंदावतात आणि बंद नसेच्या पलीकडच्या भागाला रक्त पुरवू लागतात. मुख्य कालवा गाळाने भरला तरी बाजूच्या चाऱ्यांमधून शेतात पाणी यावे, तसे. पीक जगते, कडक उन्हाळ्यात मात्र पाणी कमी पडते. म्हणूनच अशा माणसाला बसून असताना काही जाणवत नाही, पण जिना चढताना छाती भरून येते. काहींना तेही जाणवत नाही, आणि ही नस त्यांना कळते ती दुसऱ्याच नसेमुळे ॲटॅक आल्यावर. मोठ्या ॲटॅकमध्ये तातडीने अँजिओग्राफी केलेल्या साधारण दहातल्या एकाकडे अशी जुनी बंद नस सापडते.

मग ती निरुपद्रवी आहे का? नाही. ॲटॅकबरोबर अशी नस असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे अनेक नोंदणींमध्ये दिसले आहे. कारण समजायला सोपे आहे. नव्याने बंद झालेली नसच कधी कधी जुन्या बंद नसेच्या भागाला उपवाहिन्यांतून रक्त देत असते. ती गेली की दोन्ही भाग एकदम उपाशी पडतात. त्यामुळे ‘मग जुनी नस लगेच उघडा’ हा विचार हृदयरोगतज्ज्ञांच्याही मनात आला होता, आणि तो वेडगळ नव्हता. फरक इतकाच की त्यांनी तो तपासून पाहिला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सप्लोर’ चाचणीत युरोप आणि कॅनडातल्या १४ केंद्रांवरचे तीनशेवर रुग्ण होते. सगळ्यांना मोठा ॲटॅक येऊन गेलेला, ॲटॅकची नस उघडलेली, आणि दुसरी एक नस जुनी बंद. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाची जुनी नस आठवड्याच्या आत उघडण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्याची तशीच ठेवली. चार महिन्यांनी एमआरआय करून हृदयाचे पंपिंग मोजले : उघडलेल्यांचे ४४.१ टक्के, न उघडलेल्यांचे ४४.८ टक्के. म्हणजे काहीही फरक नाही. ज्यांची डाव्या बाजूची पुढची मोठी नस, एलएडी, बंद होती त्यांच्यात थोडा फायदा दिसला, पण तो छोट्या उपगटातला निष्कर्ष आहे. त्याच्या जोरावर सगळ्यांना टेबलावर घेता येत नाही.

“ते परदेशातलं झालं,” असे मला लगेच ऐकवले जाते. तर ‘डिसिजन-सीटीओ’ ही चाचणी आशियातलीच आहे, तिच्यात भारतातलेही रुग्ण होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. ८३४ जण, सुमारे चार वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू, ॲटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास यांपैकी काही ना काही घडले ते स्टेंटच्या गटात २२.३ टक्के लोकांना आणि औषधांच्या गटात २२.४ टक्के लोकांना. चाचणीत उणिवा होत्या : ठरवले होते त्यापेक्षा कमी रुग्ण मिळाले, आणि औषधांच्या गटातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याने पुढे स्टेंट घेतलाच. तरीही ‘नाही उघडली तर मेला’ हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही.

पेशंट शॉकमध्ये असेल, रक्तदाब कोसळला असेल, तेव्हा तर ‘आता सगळंच एकदम उघडा’ हा आग्रह आणखी वाढतो. ‘कल्प्रिट-शॉक’ चाचणीने २०१७ मध्ये अशाच ७०६ गंभीर रुग्णांमध्ये हे पाहिले. एका गटात फक्त ॲटॅकची नस उघडली, दुसऱ्यात जुन्या बंद नसांसकट सगळ्या उघडण्याचा प्रयत्न केला. महिन्याभरात मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ पहिल्या गटात ४५.९ टक्के लोकांवर आली, दुसऱ्यात ५५.४ टक्के. लांबलेली प्रक्रिया आणि जास्तीचा डाय खचलेल्या हृदयाला आणि किडनीला सोसत नाही.

आणि खेड्यापाड्यांतून उशिरा येणाऱ्यांचे? ॲटॅकचीच नस पूर्ण बंद, दुखणे थांबून दिवस उलटलेले, पेशंट स्थिर. २००६ च्या ‘ओट’ चाचणीत असे २१६६ लोक होते, ॲटॅकनंतर ३ ते २८ दिवसांनी नस उघडलेले आणि न उघडलेले. चार वर्षांत पुन्हा ॲटॅक, मृत्यू किंवा गंभीर हार्ट फेल्युअर : १७.२ टक्के आणि १५.६ टक्के. उघडून फायदा झाला नाही. अर्थात दुखणे चालूच असेल, दम लागत असेल, बीपी पडत असेल तर हा हिशेब लागू होत नाही. तिथे उशीर झाला तरी नस उघडावीच लागते.

इथे लोक उलट टोक गाठतात : “म्हणजे तो भाग मेलाच, आता करून काय?” हेही चूक. जुन्या बंद नसेपलीकडचा स्नायू पुष्कळदा जिवंत असतो. इको, एमआरआय किंवा न्यूक्लियर स्कॅनवर ते कळते. नियमित गोळ्या घेऊनही चालताना छातीत दुखत असेल, तर नस उघडण्याला भक्कम कारण आहे. २०१८ च्या ‘युरो-सीटीओ’ चाचणीत वर्षभरानंतर छातीच्या दुखण्यातून पूर्ण सुटलेले लोक स्टेंटच्या गटात सुमारे ७२ टक्के होते, औषधांच्या गटात ५८ टक्के. बरे वाटणे ही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला ‘आयुष्य वाढले’ असे म्हणू नये.

हे काम नेहमीच्या अँजिओप्लास्टीसारखे नसते. कडक झालेल्या अडथळ्यातून तार पुढे सरकवायची, ती जाईना तर उपवाहिनीतून वळसा घालून मागच्या बाजूने यायचे; बहुधा दोन ठिकाणांहून शिरावे लागते, तासन्‌तास लागतात, रेडिएशन आणि डाय जास्त. ‘ओपन-सीटीओ’ या नोंदणीत अमेरिकेतल्या १२ निष्णात केंद्रांवरसुद्धा यश ८६ टक्के होते. सुमारे ५ टक्के रुग्णांत रक्तवाहिनीला उपचार करावे लागतील असे छिद्र पडले, आणि शंभरातला जवळपास एक जण इस्पितळातच दगावला. म्हणून ही गोष्ट ॲटॅकमधून सावरल्यावर, आणि सीटीओचा सराव असलेल्या हातांकडूनच करून घ्यावी.

आता उरलेले गैरसमज.

“पण शेजाऱ्यांच्या दुसऱ्या ब्लॉकलाही स्टेंट टाकला!” तो ब्लॉक बहुधा अरुंद झालेल्या, वाहत्या नसेतला असतो. ॲटॅकनंतर असे ब्लॉक काढल्याने पुढचे ॲटॅक कमी होतात, हे २०१९ च्या ‘कम्प्लीट’ चाचणीत दिसले आहे. तिथेही डिस्चार्जनंतर काही आठवड्यांत केले तरी फायदा मिळाला.

“शंभर टक्के म्हणजे बायपासच.” नाही, किती नसा खराब आहेत, मधुमेह आहे का, पंपिंग किती, यावर ते ठरते. मधुमेह आणि अनेक नसांचा आजार असेल तर मात्र बायपास सरस ठरतो.

“लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉक विरघळतो.” जुना अडथळा तंतूंचा आणि कॅल्शियमचा बनलेला असतो, कुठलाही काढा तो विरघळवत नाही.

“चिलेशनच्या सलाइनने नसा साफ होतात.” ॲटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत २०२४ मध्ये त्याचा काहीही उपयोग दिसला नाही.

“स्टेंट बसला, आता गोळ्या कशाला?” रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्या तर स्टेंटमध्येच ताजी गुठळी होऊ शकते, आणि ती नस मात्र काही मिनिटांत, कुठल्याही उपवाहिन्यांची तयारी नसताना बंद होते.