अध्यक्षांचा डबा

गेल्या डिसेंबरात आम्ही मायामीला मुलीकडे गेलो होतो. "उद्या तुला अमेरिकेच्या अध्यक्षांचा डबा दाखवतो," असं नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आजोबा, ते लंचला काय न्यायचे?" चूक माझीच. ज्या घरात डबा म्हणजे पोळी-भाजी, तिथे रेल्वेचा डबा आधी समजावून सांगायला हवा होता.

हा डबा मायामीच्या गोल्ड कोस्ट रेलरोड म्युझियममध्ये उभा आहे. नाव 'फर्डिनंड मॅगेलन'. तुमच्यापैकी बरेच जण क्रूझसाठी मायामीला जाता, तेव्हा अर्धा दिवस यासाठी राखून ठेवा. आपल्याकडे रेल्वेच्या बड्या साहेबांचे सलून असत, ते ज्यांनी मनमाडला किंवा दौंडला दुरून पाहिले असतील, त्यांना याची थोडी कल्पना येईल.

पुलमन कंपनीने १९२९ साली तो बांधला, तेव्हा कोणी अध्यक्ष डोळ्यांसमोर नव्हता. पैसेवाल्यांनी भाड्याने घ्यावेत असे सहा डबे कंपनीने केले आणि त्यांना जगप्रवाशांची नावं दिली. मार्को पोलो, लिव्हिंग्स्टन, अमुंडसेन वगैरे. त्यांतला हा एक. पुढे पर्ल हार्बर झालं आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी साध्या डब्यातून फिरणं त्यांच्या रक्षकांना धोक्याचं वाटू लागलं. १९४२ मध्ये मॅगेलनची पुनर्बांधणी झाली. छत, तळ, चारी बाजू, सगळीकडे ५/८ इंच जाडीचं पोलाद बसवलं. खिडक्यांना ३ इंच जाडीची, गोळी न शिरणारी काच. डब्याचं वजन १,६०,००० पौंडांवरून २,८५,००० पौंडांवर गेलं. मी आयुष्यभर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलं, त्यामुळे आत जाण्याआधी मी बराच वेळ चाकं आणि स्प्रिंगाच पाहत उभा होतो. बाहेरून मात्र हा डबा चारचौघांसारखाच दिसावा म्हणून बाजूवरचं 'फर्डिनंड मॅगेलन' हे नाव काढून टाकलं आणि नुसतं 'पुलमन' ठेवलं.

आत झोपायच्या चार खोल्या, जेवणाची खोली (तीच बैठकीची), स्वयंपाकघर आणि मागे बसायचा दिवाणखाना. डौलदार म्हणता येईल, पण सोन्याचे नळ शोधायला गेलात तर निराश व्हाल. चैनच बघायची तर त्या युद्धात इतरांच्या गाड्या होत्या. हिटलरच्या खास गाडीचं नाव, गंमत म्हणजे, 'अमेरिका' होतं! १९४३ मध्ये ते बदलून 'ब्रांडेनबुर्ग' केलं. तिला विमानविरोधी तोफांचे वॅगन जोडलेले असत. त्याचा मंत्री अल्बर्ट श्पेअर याने आपल्या आठवणींत १९४२ च्या नोव्हेंबरातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. हिटलर सहकाऱ्यांसोबत जेवणाच्या डब्यात चांदीच्या भांड्यांसमोर बसला होता. शेजारच्या रुळावर एक मालगाडी येऊन थांबली. तिच्यात पूर्वेच्या आघाडीवरून परतणारे उपाशी, जखमी जर्मन सैनिक होते. ते दोन हातांवरून या टेबलाकडे पाहत राहिले. हिटलर दचकला आणि त्याने नोकराला खिडकीचे पडदे ओढून घ्यायला सांगितलं.

रूझवेल्ट यांना मात्र खिडकीबाहेर पाहायला आवडे. गाडी ताशी ३५ मैलांच्या आसपास चालावी असा त्यांचा आग्रह असे. याला आणखी एक कारण होतं. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले होते. गाडीला हिसका बसला की तुम्ही-आम्ही नकळत पायांनी तोल सावरतो. त्यांना ते शक्य नव्हतं. म्हणून डब्याच्या मागच्या भागात चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्टची सोय केली होती.

सुटकेची दोन दारं मात्र पाणबुडीत असतात तशी बसवली होती. एक अध्यक्षांच्या न्हाणीघरात आणि दुसरं दिवाणखान्याच्या छतात. मी त्या छतातल्या दाराकडे मान वर करून बघत राहिलो. आराखडा काढणाऱ्याने काय विचार केला असेल? चालता न येणारा माणूस छतातून बाहेर पडणार कसा? कोणीतरी उचलून देणार, एवढंच उत्तर मला सुचलं.

याच डब्यातून जानेवारी १९४३ मध्ये ते वॉशिंग्टनहून मायामीला आले आणि तिथून विमानाने कॅसाब्लांकाच्या परिषदेला गेले. अधिकारावर असताना विमानाने प्रवास करणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. जुलै १९४४ मध्ये सॅन डिएगोत याच डब्यातून त्यांनी चौथ्यांदा उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण केलं. मार्च १९४६ मध्ये ट्रुमन आणि चर्चिल यांनी मिसूरीला जाताना याच डब्यातून प्रवास केला. तिथे फुल्टनला चर्चिल यांचं 'पोलादी पडद्या'चं भाषण झालं.

एवढं सगळं झालं, पण रूझवेल्ट यांना खुर्चीत बसलेलं पाहिलेले अमेरिकन थोडेच. तसे फोटो सहसा काढले जात नसत. भाषणाला उभं राहायचं तर पायांना पोलादी पट्ट्या बांधून, हाताने कठडा घट्ट धरून. पदावर बारा वर्षं काढल्यावर, १ मार्च १९४५ रोजी, याल्टाहून परतल्यावर ते संसदेत पहिल्यांदा बसून बोलले आणि पायांवर सुमारे दहा पौंड पोलाद वागवावं लागतं हे तेव्हा उघडपणे म्हणाले. १२ एप्रिलला ते गेले.

आता माझं सांगतो. माझा डावा पाय १९५४ मध्ये, मी तीन वर्षांचा असताना, पोलिओने गेला. सॉल्कच्या लशीची घोषणा झाली १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्ट यांच्या बरोबर दहाव्या स्मृतिदिनी. तिच्यामागे त्यांनीच १९३८ मध्ये स्थापलेल्या संस्थेचा पैसा होता. या देशात पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी तासभर आधी गेलो होतो. जिना चढताना कोणी पाहू नये, समिती येईल तेव्हा आपण खुर्चीत बसलेले असावं, म्हणून. कॅलिपरवर ढगळ पँट घालायची सवय तेव्हापासूनची. मंडळाच्या कार्यक्रमांतही मी स्टेजवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. वक्तशीरपणाबद्दल माझं कौतुकही झालं आहे.

नात सगळं ऐकत होती. डब्याच्या भिंतीवर बोटाने टकटक करून ती म्हणाली, "आत स्टील आहे हे कळतच नाही." मग माझ्या पायाकडे बघून विचारलं, "आजोबा, तुमचं बघू?"

तिथल्याच बाकावर बसून मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. तिने कॅलिपरवर दोनदा टकटक केलं आणि बिजागरी कशी उघडते ते विचारलं. तिला बिजागरी समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, आणि इंजिनाचा शेड बघायचा राहूनच गेला.