रिकामी गाडी आणि भरलेली गाडी

उदगीरमध्ये घरातली पहिली चारचाकी घ्यायची आणि पैसे बेताचे, म्हटलं की बोलणं फिरून फिरून दोन नावांवर येतं: पेट्रोलवरची मारुती 800 आणि डिझेलवरची टाटा इंडिका. दोन्ही कंपन्यांनी कधीच बंद केल्या. 800 जानेवारी 2014 मध्ये, इंडिका 2018 मध्ये. तरी आपल्या भागात 800 त्यातल्या त्यात तरुण मिळते, त्याला कारण आहे. 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा शहरांत बीएस-4 नियम आले आणि तिथली 800 ची विक्री थांबली. बाकीच्या गावांत मात्र ती पुढची तीन-चार वर्षं नवीकोरी विकली जात होती.

आता आकडे. 800 चं इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर, ताकद 37 अश्वशक्ती. वजन जेमतेम 650 किलो. इंडिकाचं साधं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन 1405 सीसी, सुमारे 53 अश्वशक्ती, आणि गाडी जवळपास एक टनाची. एका टनामागे हिशेब केला तर 800 ला 57 अश्वशक्ती पडतात, इंडिकाला 53. एकट्याने चालवून पाहिली की 800 चपळ वाटते ती यामुळेच.

पण आपल्याकडे गाडी रिकामी कधी असते? लग्नसराईत पाच माणसं बसली की सव्वातीनशे किलो वाढले. आता 800 कडे टनामागे 38 उरतात, इंडिकाकडे 40. बाजू उलटली! त्यात मे महिन्यात एसी लावला, की 800 ओव्हरटेक करताना दमते. ट्रायल घ्यायची तर घरची सगळी माणसं बसवून, लातूर रोडला घ्या. विकणारा कुरकुरला तरी चालेल.

मग इंडिकाच घ्यावी का? रोज लातूर-बीदर करणाऱ्याने जरूर घ्यावी. महिन्यातून दोन-चारदाच गाडी निघणार असेल, तर माझं मत ठामपणे 800 च्या बाजूने आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पूर्वीची मोठी तफावत राहिली नाही. थोड्या रनिंगमध्ये डिझेलची बचत दुरुस्तीतच जाते.

इंडिका बघायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून पाहा. आतून फसफस धूर येत असेल तर रिंगा गेल्यात, इंजिनकाम जवळ आलंय. टायमिंग बेल्ट कधी बदलला तेही विचारा. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. 800 मध्ये मॅट उचलून पत्रा तपासावा, कारण तिथला गंज वरून दिसत नाही.

कागदांत पंधरा वर्षांची मुदत आधी पाहावी. ती संपली असेल तर पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग लागतं. त्याची केंद्राची फी एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. पर्यावरण कर वेगळा. सीमेपलीकडची केए-38 गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. हे सगळं धरूनच भाव करावा. आणि गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं नाव आरसीवरून उतरेपर्यंत इसारापलीकडे पैसे देऊ नयेत.