चाळीतली मांजरे आणि संघशक्ती

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला जुना प्रश्न. युनियनच्या कामात आमची तीस वर्षे गेली. ठराव एकमताने पास होतो आणि वर्गणीच्या वेळी माणसे पांगतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले. आमच्या चाळीत मांजरांचा प्रश्न निघाला तेव्हाही तेच झाले.

जिन्याखाली ११ मांजरे होती. कोणी त्यांना बोंबलाची डोकी घाली, कोणी काठी घेऊन धावे. एकदा कोणीतरी चार पिले पोत्यात घालून दूर बाजारात सोडून आला. भाटी तीन रात्री जिन्यावर ओरडत फिरली. काही महिन्यांतच तिला पुन्हा पिले झाली!

याचे कारण समजून घेतले पाहिजे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे ६५ दिवसांत विते आणि वर्षातून दोन-तीनदाही विते. शिवाय अन्न आणि आडोसा असेल तेथली मांजरे हाकलली, तर त्यांच्या जागी बाहेरची येतात. म्हणून उपाय हाच, की सर्वांचे निर्बीजीकरण करून त्यांना त्याच जागी परत सोडावे. हे भाबड्या भूतदयेचे खूळ नव्हे; इटलीने १९९१ साली तसा कायदाच केला.

पहिल्या खेपेस आम्ही पाचांचीच शस्त्रक्रिया करवून स्वस्थ बसलो. उरलेल्या भाट्यांनी वर्षात सारा हिशेब बुडवला. अर्धे खाते कामावर गेले की संप फुटतो, त्यातलाच प्रकार!

दुसऱ्या खेपेस कामे वाटून घेतली. खोलीमागे वर्गणी ठरली. खाणे घालणाऱ्या बायकांनी रोजची वेळ नेमली. आदल्या रात्री मात्र खाणे बंद ठेवले. भुकेले मांजर पिंजऱ्यात शिरले की तरुण मंडळी वर चादर टाकीत, म्हणजे अंधारात ते शांत राही. पशुवैद्यांनी भूल देऊन शस्त्रक्रिया केली, रेबीजची लस टोचली आणि कानाचे टोक किंचित कापले. ही खूण दिसली की ते मांजर पुन्हा पकडावे लागत नाही.

आता बोक्यांची रात्रीची भांडणे कमी झाली आहेत. नवे मांजर दिसले की वहीत नोंद होते आणि पिंजरा निघतो. आपणही आपल्या आळीत आधी मांजरे मोजा, मग शेजाऱ्यांना बोलवा. पण एकही भाटी वगळू नका.