मुक्त स्रोताच्या चालीरीती : लेखांक ९
दुसऱ्याचा बदल मागे घेताना

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की एखादा पॅच प्रकल्पात दाखल कसा होतो. आज त्याच्या परतीच्या वाटेबद्दल. तपासून, चर्चा करून स्वीकारलेला बदल कुणी तिसराच माणूस काढून टाकतो. याला रिव्हर्ट म्हणतात. तो करायला गिटमध्ये एक आज्ञा पुरते. त्याभोवतीची रीत मात्र शिकावी लागते.

लिनक्स कर्नलची ५.३ ही आवृत्ती १५ सप्टेंबर २०१९ रोजी आली. ती जाहीर करण्यापूर्वी लिनस टोरवाल्ड्स यांनी अगदी शेवटच्या घटकेला एक रिव्हर्ट केला. काढलेला बदल ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममधला होता. डिस्कवरचे शेजारशेजारचे ब्लॉक वाचण्यासाठी ज्या अनेक छोट्या मागण्या जात, त्या एकत्र बांधून पाठवायच्या, म्हणजे डिस्कचे हेलपाटे वाचतात. बदल बरोबर होता आणि सांगितलं तेच काम चोख करत होता. पण तो आल्यापासून एका वापरकर्त्याचा लॅपटॉप सुरू होताना अडकून बसू लागला. लॉगिनचा पडदाच येईना.

शोध घेतल्यावर कारण भलतीकडेच सापडलं. रँडम आकडे तयार करायला कर्नलला अनिश्चितता लागते आणि ती तो यंत्रात घडणाऱ्या घटनांच्या वेळांवरून गोळा करतो. डिस्ककडून येणारे इंटरप्ट ही अशीच एक घटना. मागण्या कमी झाल्या, तसे इंटरप्ट कमी झाले आणि सुरुवातीच्या त्या काही क्षणांत पुरेशी अनिश्चितता जमेना. लॉगिन दाखवण्याआधी प्रोग्रामला रँडम आकडे हवे होते. कर्नल त्याला थांबवून ठेवी. सगळंच थांबलेलं असल्यामुळे नवी घटना घडत नसे आणि वाट पाहणं संपत नसे.

म्हणजे मूळ दोष रँडम आकड्यांच्या यंत्रणेत, तोही जुना. ईएक्सटी४च्या बदलानं तो फक्त उघडा पाडला. तरीही काढला गेला तो हाच बदल, कारण कालपर्यंत सुरू होणारं यंत्र आज होत नाही, एवढं कर्नलच्या नियमात पुरतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आवृत्ती जाहीर करतानाच टोरवाल्ड्स यांनी या रिव्हर्टबद्दल सविस्तर लिहिलं. बदल वाईट नव्हता, दोष दुसरीकडे आहे, तो निस्तरला की बदल परत घेऊ, असं सगळ्यांसमोर सांगितलं. दोन आठवड्यांनी, गरज पडली तर कर्नलनं स्वतःच अनिश्चितता निर्माण करावी अशी सोय त्यांनी केली आणि ईएक्सटी४चा बदल पुन्हा आत घेतला. नोव्हेंबरात आलेल्या ५.४ मध्ये तो होता. कारण उघडपणे दिलं, लिहिणाऱ्यावर ठपका ठेवला नाही, परतीची वाट सांगितली आणि ती पाळली. रिव्हर्टचा शिष्टाचार म्हणून मी याहून चांगलं उदाहरण देऊ शकणार नाही.

नवख्या माणसाला प्रश्न पडतो : काढून कशाला टाकायचं, तिथल्या तिथे दुरुस्त करावं की! पण मुख्य शाखा मोडली, की तिच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचं काम अडतं. चाचणी नापास झाली तर दोष आपल्या कोडचा की आधीच मोडलेल्या शाखेचा, हे कळत नाही. घाईत केलेल्या दुरुस्तीतून आणखी एक बग निघतो तो वेगळाच. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पानं म्हणूनच आपल्या लिखित धोरणात रिव्हर्टला नेहमीच्या कामाचा भाग मानलं आहे. लेखकानं स्वतः जो बदल मागे घेतला असता, तो दुसऱ्यानं मागे घेणं हे तिथे सौजन्य समजतात. पुण्यात रात्री अकराला कमिट करून कुणी झोपलं, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचं काम सुरू झालेलं असतं. त्या माणसाला उठवायचं नाही आणि बाकीच्यांना खोळंबूनही ठेवायचं नाही, तर रिव्हर्ट हाच भला मार्ग.

या मोकळिकीबरोबर जबाबदारी येते ती रिव्हर्ट करणाऱ्यावर. बिघाड लेखकाला स्वतः पाहता येईल अशी चाचणी त्यानं द्यावी, निदान देण्याचा शब्द तरी द्यावा. त्याशिवाय रिव्हर्ट करणं एलएलव्हीएममध्ये रास्त धरत नाहीत. काळाचंही भान हवं. दोन तासांपूर्वीचा बदल न विचारता काढता येतो, दोन वर्षांपूर्वीचा नाही. मधल्या काळात त्यावर इतरांनी इमले चढवलेले असतात, मालिकेतला एकच पॅच उपसला तर बाकीचे कोसळतात. आणि ज्याचा बदल निघाला, त्यानं काढणाऱ्याचे आभार मानावेत, असंही हे धोरण सुचवतं. हे जड जातं, पण आपल्या गैरहजेरीत आपलंच काम कुणीतरी केलेलं असतं.

फ्रीबीएसडीत जरा वेगळी रीत आहे. वादात सापडलेला बदल मेंटेनरनं मागे घ्यायला सांगितला, तर वाद मिटेपर्यंत तो मागे घ्यावाच लागतो. सुरक्षेच्या कारणासाठी सुरक्षा अधिकारी मात्र मेंटेनरचं म्हणणं बाजूला ठेवू शकतो.

सगळ्यात जास्त हयगय होते ती संदेशात. कोणती कमिट उलटवली एवढं गिट आपणहून लिहून देतं आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात. ‘बदल चुकीचा होता’ असं लिहिणं तर त्याहून वाईट. लिहायचं ते असं : ‘या बदलानंतर ३२ बिटच्या यंत्रांवर बिल्ड अडतो, त्रुटीचा मजकूर खाली दिला आहे. कल्पना योग्य आहे. आकाराची तपासणी घालून पुन्हा पाठवावा.’ मूळ चर्चेत लेखकालाही कळवायचं. आपलं काम गेल्याचं त्याला इतिहास चाळताना कळावं, यासारखा अपमान नाही. चांगले लोक प्रकल्प सोडून जातात ते अशा अबोल रिव्हर्टमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

परत येणाऱ्या बदलालाही हाच न्याय. आधी काय मोडलं होतं आणि आता ते कसं टाळलं आहे, हे नव्या संदेशात आलं पाहिजे. पूर्वी रिव्हर्टचा रिव्हर्ट केला, की गिट शीर्षकात ‘रिव्हर्ट’ हा शब्द दोनदा जोडत असे. २०२३ च्या २.४३ आवृत्तीपासून तिथे ‘रीअप्लाय’ येतं, पण का ते अजूनही माणसालाच लिहावं लागतं.

विलीन केलेली अख्खी शाखा उलटवली, तर ती पुन्हा विलीन करताना जुने बदल परत येत नाहीत. आधी तो रिव्हर्टच उलटवावा लागतो. भल्याभल्यांना चकवणारा हा गुंता पुढच्या आठवड्यात सोडवू.