नर्सबाई गावात का टिकल्या नाहीत?

दवाखान्यासमोर गर्दी दिसली की डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं आपल्याकडे धरून चालतात. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात १९६०च्या दशकात अशीच गर्दी असायची. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं राबत होते. पण त्या गर्दीत त्यांना वेगळंच काही दिसू लागलं. बरं करून घरी पाठवलेलं मूल थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच हगवणीनं बेजार होऊन यायचं. बहुतेक दुखणी अशी, की गावातच टाळता आली असती. हॉस्पिटल चालत होतं, पण काम फसत होतं. त्यांनी हे ओळखलं, हीच गोष्ट या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटते. नापासाचं प्रगतिपुस्तक हाती पडलं की अपयश कुणालाही कळतं. चारही बाजूंनी वाहवा होत असताना ते ओळखायला फार मोठं मन लागतं.

दोघं अमेरिकेला गेले, तिथं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली परत येऊन जामखेडला बसले. अहिल्यानगर जिल्ह्याचं हे आग्नेय टोक, बीडच्या हद्दीला लागून. पाऊस बेभरवशाचा, हाताला काम नाही, आणि लगेच पुढे १९७२चा दुष्काळ. आता आजार गावातच रोखायचे होते. त्यासाठी शिकलेल्या नर्सबाईंना गावोगाव राहायला पाठवायचं ठरलं. कागदावर योजना बिनचूक होती.

ती फसली. परक्या गावात एकट्या बाईनं राहायचं, रात्री-अपरात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही, ही धास्ती. गावालाही ती बाहेरचीच वाटे. सुई टोचणार असेल, गोळ्या देणार असेल तर ठीक. पण पाणी उकळा, पोराला अमुक खाऊ घाला, हे तिनं सांगितलेलं कोण मनावर घेणार?

अशा वेळी दोन सोप्या वाटा समोर असतात. गाव अडाणी आहे म्हणायचं, नाहीतर नर्सबाई कामचुकार आहेत म्हणायचं. आपल्या शाळा, कचेऱ्या आणि घरं रोज यातलीच एखादी वाट धरतात. आरोळे दांपत्यानं दोष आपल्या आखणीत शोधला आणि उपाय विचारला तो गावालाच. गावकऱ्यांकडून उत्तर आलं, की आमच्यातलीच एखादी बाई शिकवून तयार करा.

अक्षरओळख नसलेली, शेतात खुरपणारी, कित्येकदा दलित वस्तीतली बाई आरोग्य कार्यकर्ती झाली. या बाया दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, हाही शिकण्याचाच भाग होता.

हगवणीचंच उदाहरण घ्या. मुलाला जुलाब लागले की त्याचं पाणी तोडायचं, अशी जुनी समजूत. वरून पाणी घातलं की खालून आणखी जाणार, हा हिशेब वरकरणी पटणारा. प्रत्यक्षात मूल जुलाबानं नव्हे, अंगातलं पाणी आणि क्षार आटल्यानं दगावतं. उपाय चुलीपाशीच असतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ढवळून घोट घोट पाजत राहायचं. अंगावरचं दूधही चालू ठेवायचं. हेच तरुण नर्सबाईनं सांगितलं की सासू म्हणणार, हिला कुठं पोरं झालीत! शेजारची कार्यकर्ती मात्र स्वतः बाळंतपणं काढलेली असते. ती त्याच ओसरीवर बसते, पोराला मांडीवर घेते आणि चमच्यानं पाणी पाजूनच दाखवते. संध्याकाळी पुन्हा डोकावते, पोरानं लघवी केली का, विचारते. तिचं न ऐकून सासू जाणार कुठं?

१९७१च्या सुमारास जामखेडच्या या प्रकल्पातल्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. पुढच्या दोन-अडीच दशकांत हा आकडा पंचविशीच्या आसपास उतरला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली.

गावातलीच बाई निवडायची, हा धडा सरकारनंही घेतला. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या त्या याच विचारानं. मात्र जामखेडच्या बाया दर आठवड्याला फक्त माहिती घ्यायला येत नसत. कुठल्या घरानं ऐकलं नाही, का ऐकलं नाही, हेही तिथं बोललं जाई आणि पुढचं शिकवणं त्यावरून ठरे. आज आशाताईंची बैठक भरते तेव्हा तक्ते आणि आकडे यांतच बराच वेळ जातो. त्याच बैठकीतला अर्धा तास, न जमलेल्या कामाबद्दल न घाबरता बोलण्यासाठी, आपण त्यांना द्यायला हवा. त्यासाठी ना नवा निधी लागतो, ना नवी इमारत. समोर बसलेल्या अधिकाऱ्यानं वही मिटून ऐकायची तयारी मात्र ठेवावी लागेल.