दोन दिवसांत थांबलेलं रक्त: मूत्राशय आणि किडनीचा कॅन्सर कसा सापडतो

ज्यांचे इअरफोन घरी राहिले त्यांच्यासाठी आजच्या गप्पा इथे लिहून ठेवतोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण गेल्या दीड वर्षात मामांसोबत युरॉलॉजिस्टच्या ओपीडीबाहेर इतके तास बसलोय की विचारून, वाचून बरंच डोक्यात साठलंय.

सुरुवात अशी झाली. एका सकाळी मामांना लघवी लाल झाली. दुखणं नाही, जळजळ नाही. मामी म्हणाल्या, उष्णता झाली असेल. सब्जा, धणे-जिऱ्याचं पाणी सुरू. दोन दिवसांत लघवी स्वच्छ! सगळे म्हणाले, बघा, सब्जाने काम केलं. चार महिन्यांनी पुन्हा लाल.

आमच्या कामात याला म्हणतात रिप्रोड्यूस न होणारा बग. तुम्ही बघायला गेलात की सगळं नीट चालतं. मूत्राशयातली गाठ अशीच वागते. तिचा पृष्ठभाग नाजूक असतो, मध्येच रक्त येतं आणि आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. आणि दुखत नाही, हीच तर खरी अडचण! मूतखडा माणसाला लोळवतो, इन्फेक्शनमध्ये जळजळ होते, म्हणून आपण डॉक्टरकडे पळतो. न दुखणारं रक्त मात्र सोडून देतो.

आता घाबरू पण नका. बीट खाल्लं तरी लघवी गुलाबी होते, टीबीच्या रिफाम्पिसिनने केशरी होते. खरंच रक्त असलं तरी बहुतेक वेळा खडा, इन्फेक्शन किंवा प्रोस्टेट निघतं. पण हे लघवीच्या तपासणीने ठरवायचं, अंदाजाने नाही. बायकांच्या बाबतीत एक जास्तीचा घोळ होतो. लघवीत रक्त म्हटलं की इन्फेक्शनच धरतात आणि अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात. कल्चर करून जंतू सापडत नसतील तर पुढे तपासायला सांगा.

मामांनी तीस वर्षं बिडी ओढली. मला वाटायचं, बिडीचा संबंध फुप्फुसाशी. पण धुरातली रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि मग ती मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. रंगाच्या कारखान्यांचा संबंध तर त्याहून जुना. 1895 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनने अ‍ॅनिलिन रंगाच्या कामगारांमध्ये हा आजार दाखवून दिला होता.

तपासणीत आधी सोनोग्राफी झाली, पण छोटी किंवा चपटी गाठ तिच्यातून सुटू शकते. लघवीतल्या पेशी तपासतात, ती सायटॉलॉजी. आक्रमक कॅन्सरमध्ये ती चांगली, सौम्य प्रकारात बऱ्याचदा चुकते. शेवटी सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून आतून बघणं. लवचिक नळी असेल तर बधिर करणाऱ्या जेलवर काही मिनिटांत उरकतं. नंतर एखादा दिवस जळजळ होते, एवढंच.

गाठ दिसली की भूल देऊन दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. हे एकाच वेळी निदान पण आणि उपचार पण. बायॉप्सी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा: गाठ सौम्य की आक्रमक, आणि ती स्नायूपर्यंत गेलीय का. नमुन्यात स्नायूच आला नसेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळत नाही, काही वेळा पुन्हा खरवडावं लागतं. मामांची गाठ वरवरची आणि सौम्य निघाली. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

आणि इथेच आम्ही चुकलो. हा कॅन्सर परत परत येतो. म्हणून पहिली सिस्टोस्कोपी 3 महिन्यांनी करतात, पुढचं वेळापत्रक धोक्यावर ठरतं: सौम्य असेल तर वर्षाने, आक्रमक असेल तर पहिली 2 वर्षं दर 3 महिन्यांनी. मामा म्हणाले, "अरे, आता रक्त कुठंय? कशाला परत ती नळी?" घरात लग्न होतं, मी पण जोर लावला नाही. गेलो ते सातव्या महिन्यात. दोन नव्या गाठी. त्या काढल्या आणि मग मूत्राशयात बीसीजी सोडायचं ठरलं, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. हो, तेच, ज्याच्या लसीचा व्रण तुमच्या डाव्या दंडावर आहे. तिथली प्रतिकारशक्ती जागी करायला ते वापरतात.

किडनीचं प्रकरण वेगळं. ती गाठ बहुतेकदा काहीच सांगत नाही. पित्ताशयासाठी सोनोग्राफी करायला गेलात आणि किडनीवर गाठ दिसली, असं अर्ध्याहून जास्त लोकांचं होतं. क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून गाठ नाही असं समजू नका, आणि ही गाठ पकडणारी रक्ताची सोपी टेस्ट आज नाही. कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन खरं चित्र दाखवतो. वयस्कर माणसाची छोटी गाठ असेल तर कधीकधी ठरावीक अंतराने स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवतात. 4 सेंटिमीटरच्या आतल्या साधारण पाचातली एक गाठ कॅन्सर नसतेच. ऑपरेशननंतर पोटाबरोबर छातीचाही स्कॅन सांगतात, कारण हा आजार पसरला तर फुप्फुसात जास्त जातो. आणि रिपोर्टमध्ये 'सिंपल सिस्ट' दिसलं तर रात्रभर गूगल करत बसू नका, ती पाण्याची साधी पिशवी असते.

मामांची बिडी सुटलीय. पुढची सिस्टोस्कोपी पुढच्या मंगळवारी आहे. रिमाइंडर माझ्या फोनमध्ये, मामींच्या फोनमध्ये आणि फ्रिजवरच्या कालनिर्णयावर पेनाने. मामांच्या फोनमध्ये लावलेला त्यांनी कालच डिलीट केला.