गाळातून उभं राहिलेलं विमानतळाचं बेट

बंदर चालू ठेवायचं तर गाळ उपसत राहावंच लागतं. जपानमधलं नागोया हे मालाच्या उलाढालीत त्या देशातलं पहिल्या क्रमांकाचं बंदर. जहाजांच्या वाटा खोल ठेवण्यासाठी इथे ड्रेजर सतत राबतात. उपसलेला गाळ टाकता टाकता बंदरात चक्क एक बेट तयार झालं, आणि तेही भरत आलं.

ऑगस्ट 2000 मध्ये नागोयाजवळच्या टोकोनामेच्या किनाऱ्यालगत चुबू विमानतळासाठी समुद्रात भराव सुरू झाला, तेव्हा अभियंत्यांनी या गाळाकडे हक्काचा माल म्हणून पाहिलं. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळासाठी डोंगर फोडून माती आणली होती. इथेही डोंगराची माती लागलीच, पण 80 लाख घनमीटरहून अधिक भराव बंदराच्या गाळाचा होता.

अडचण गाळाच्या स्वभावात आहे. ताजा उपसलेला गाळ पिठल्यासारखा असतो. कोरड्या मातीच्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त पाणी त्यात असतं. तसाच ओतला तर तो वर्षानुवर्षं खचत राहतो. सिमेंट मिसळलं तर पाणी बांधलं जातं, मातीचे कण एकमेकांना धरतात. पण लाखो घनमीटर चिखलात सिमेंट कालवायचं कसं?

याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात कालवणारं यंत्रच नाही. बार्जमधला गाळ चाळून, लागेल तसं पाणी घालून पाइपात ढकलतात. मग त्यात दाबाची हवा सोडतात. हवेमुळे गाळाचे तुटक गोळे होतात. मधे हवा, पुढे गाळ, पुन्हा हवा. पाइपाच्या भिंतीशी घर्षण कमी होतं आणि गाळ वेगाने लांबवर जातो. त्यातच सिमेंटचा पातळ घोळ सोडला की धावत्या गोळ्याच्या आतल्या खळबळीतच तो मिसळून निघतो. वाहतूक आणि मिश्रण एकाच नळीत. टोकाला सायक्लोन, म्हणजे हवा वेगळी करणारा भाग, बसवलेला असतो. तिथे हवा सुटते, जोर ओसरतो आणि मिश्रण अलगद खाली उतरतं. जोरात कोसळलं तर आसपासचं पाणी गढूळ होईल, म्हणून एवढी काळजी. जपानी अभियंते मासाकी किताझुमे यांनी या पद्धतीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

विमानतळ 17 फेब्रुवारी 2005 रोजी सुरू झाला. बेटाचे कोपरे गोलसर ठेवले आणि किनाऱ्यापासून मधे पाण्याची वाट सोडली, म्हणजे भरतीओहोटीचा प्रवाह अडू नये. उतरत्या दगडी बांधावर समुद्री शेवाळ रुजावं अशीही सोय केली.

तरी हा मार्ग फुकटचा नाही. सिमेंट बनवताना कार्बन हवेत जातो. गाळात कारखान्यांचं विष असेल तर आधी तपासणी हवी. आणि बेटाखाली गेलेला समुद्रतळ मच्छीमारांना परत मिळत नाही; गाळ वापरला म्हणून हे नुकसान टळत नाही.

आपल्याकडे डहाणूजवळ वाढवण बंदरासाठी 1,448 हेक्टर भराव ठरला आहे. त्यासाठी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून काढायची योजना आहे. वाढवण परिसरातल्या मच्छीमारांचा विरोध जुना आणि रास्त आहे. नागोयाची नळी त्यांना उत्तर देऊ शकत नाही. पण वाळूसाठी दुसरा समुद्रतळ खरवडण्याआधी, आपल्याच बंदरांच्या वाटांतून दरवर्षी निघणाऱ्या गाळाचा हिशेब तरी मांडायला हवा. नागोयात तर हे काम अजून चालूच आहे: बंदराच्या गाळासाठी त्याच विमानतळालगत आता नवी जागा तयार केली जात आहे.